कै. राजा, निपर आणि शाहू महाराजांचा खंड्या

आमच्या चौकात रिक्षा स्टँडच्या मागे एक भिंत आहे, फ्लेक्स लावायची. वाढदिवस, निवड, दहीहंडी, दहावीचे टक्के, श्रद्धांजली, सगळं तिथंच लागतं, जुन्यावर नवा ठोकून. सकाळी दूध आणायला जाताना नजर आपोआप तिकडे जाते आणि बहुतेक वेळा काहीही न वाचता परत येते. मागच्या पावसाळ्यात मात्र थांबले. वर "भावपूर्ण श्रद्धांजली", कोपऱ्यात समई, मागे ढग, दोन पांढरी कबुतरं, म्हणजे नेहमीचाच सगळा माल, आणि मधल्या गोलात कुत्रं. तांबूस, एक कान उभा, एक पडलेला, जीभ बाहेर. खाली नाव, कै. राजा. त्याच्या खाली, शोकाकुल समस्त रिक्षाचालक व मित्रपरिवार. राजाला मी ओळखायचे, म्हणजे स्टँडवरून जाणारं सगळं जगच ओळखायचं. रांगेतल्या पहिल्या रिक्षात, मागे पाय ठेवायच्या जागेत तो झोपायचा, गिऱ्हाईक आलं की कुणी न सांगता उतरायचा आणि मागच्या रिक्षात जाऊन पडायचा. दिवसभर त्याचाही नंबर लागत असायचा.

फ्लेक्सला हसणारे होतेच. दूधवाला म्हणाला, आता मांजरांचेपण निघतील. एक आजोबा चिडले, कै. माणसाला लावतात, कुत्र्याला कसलं कै. मला खटकलं ते वेगळंच. राजाच्या मानेवर, पट्ट्याच्या जरा वर, चार बोटं होती. मनगटापर्यंतचा हात, मनगटावर लाल दोरा, एका बोटात तांब्याची अंगठी, आणि पुढे तो हात ढगात विरून गेलेला. म्हणजे मूळ फोटो दोघांचा होता. एकाला कापून दुसऱ्याला गोलात बसवलेलं आणि कापताना तेवढी बोटं मागे राहिलेली. घरी आले, चहा झाला, ऑफिस झालं, आणि संध्याकाळी गवार मोडताना परत ती बोटं आठवली.

हात कुणाचा असेल?

कुत्र्याचं चित्र म्हटलं की माझ्या वयाच्या मराठी माणसाला पहिल्यांदा आठवतं ते एकच, एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीचं, कर्ण्यापुढे बसलेलं. साताऱ्याच्या घरी माजघरातल्या कपाटावर रेकॉर्ड प्लेअर होता, त्यावर आजीने विणलेलं क्रोशाचं झाकण. रेकॉर्ड पुठ्ठ्यातून बाहेर काढताना एक खास वास यायचा, थोडा धुळीचा, थोडा जुन्या कागदाचा, तो मला आजही कुठल्या लायब्ररीत मधूनच येतो आणि मी उगाच मागे वळून बघते. रविवारी सकाळी अभंग लागायचे, दुपारी जेवणं झाल्यावर नाट्यगीतं. आम्हा पोरांना गाण्याशी काही देणंघेणं नव्हतं, आम्ही लेबलवरचा कुत्रा बघत बसायचो. ३३ च्या संथ वेगावर तो गोल गोल फिरताना दिसायचा, कधी डोकं खाली कधी पाय खाली, आणि आजोबांनी ७८ची जुनी तबकडी लावली की कुत्रं नाहीसंच व्हायचं, नुसतं एक पांढुरकं कडं उरायचं. त्याला चक्कर येत असेल का हा आमच्यातला मोठा वाद. तो काय ऐकतोय हे मात्र कुणीच कधी विचारलं नाही, कारण ते सगळ्यांना माहीतच होतं. गाणं ऐकतोय, आपण ऐकतोय तेच.

तो गाणं नाही, मालकाचा आवाज ऐकतोय हे फार नंतर वाचलं. निपर त्याचं नाव. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा, जन्म १८८४. त्याचा मालक मार्क बरॉड नाटकांचे पडदे रंगवायचा, तो १८८७ मध्येच गेला, आणि कुत्रं भावाकडे आलं. भाऊ फ्रान्सिस, हाही चित्रकार. १८९५ मध्ये निपरही गेला. चित्र काढलं गेलं ते त्यानंतर तीनेक वर्षांनी, आणि त्यात आधी जे यंत्र होतं ते ग्रामोफोन नव्हतंच, नळकांडीवाला फोनोग्राफ होता. ते कुणी विकत घेईना. मग फ्रान्सिस ग्रामोफोन कंपनीकडे पितळी कर्णा उसना मागायला गेला, काळ्या कर्ण्याऐवजी तो काढला तर चित्र जरा उठून दिसेल म्हणून, तेव्हा तिथला मॅनेजर म्हणाला, ते यंत्र खोडून आमचं काढ, चित्र घेतो. ५० पौंड चित्राचे, ५० पौंड हक्कांचे. त्याने वर रंग चढवून यंत्र बदललं, आणि तिरप्या उजेडात बघितलं तर खालचा जुना फोनोग्राफ अजून दिसतो म्हणतात. नंतर १९२४ मध्ये मरेपर्यंत त्याने त्याच चित्राच्या चोवीस प्रती करून दिल्या. पोटापाण्याचं काम म्हणून असेल, पण भावाचं कुत्रं चोवीस वेळा परत रंगवायचं म्हणजे काय होत असेल याचा मी कधी कधी विचार करते. पंधराव्या प्रतीला कंटाळा आला असेल का? की हात आपोआप चालत असेल आणि डोक्यात भलतंच काही?

म्हणजे बघा, चित्रातलं यंत्र बदललेलं, कुत्रं काढायच्या वेळी मेलेलं, आणि मालक त्याहून आधी गेलेला. आपण ज्या चित्रापुढे बसून अर्धं बालपण घालवलं त्यातलं खरं असं काही असेल तर त्या कुत्र्याचं तिरकं केलेलं डोकं, बास. ते डोकं फ्रान्सिसने पाहिलेलं होतं. निपर ज्या चकचकीत लाकडावर बसलाय ती मालकाची शवपेटीच आहे अशीही एक कथा लोक सांगतात. तिला आधार काही नाही. पण लोकांना ती जोडावीशी वाटली, चित्रात मालक कुठेतरी हवाच होता त्यांना.

हे एकदा डोक्यात बसलं की मग जिकडे तिकडे तेच दिसायला लागतं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये लँडसियर या इंग्रज चित्रकाराचं १८३७ चं चित्र आहे, म्हाताऱ्या मेंढपाळाची शवपेटी आणि तिच्यावर हनुवटी टेकून बसलेलं त्याचं कुत्रं. खोलीत दुसरं कुणी नाही. मिटलेल्या बायबलवर चष्मा, जमिनीवर टोपी आणि काठी. माणूस गेला की त्याच्या वस्तू किती बावळट दिसतात, तो चष्मा बघून अगदी तसंच वाटतं. एडिंबरोत ग्रेफ्रायर्स बॉबीचा पुतळा, मालकाच्या थडग्याशी वर्षानुवर्षं बसून राहिला म्हणून, १८७३ चा. टोकियोचा हाचिको तर आता व्हॉट्सअॅपवर सकाळच्या सुविचारातही असतो. त्याचे मालक प्राध्यापक उएनो १९२५ मध्ये कामावर असतानाच वारले, आणि हा शिबुया स्टेशनवर येत राहिला, १९३५ मध्ये स्वतः मरेपर्यंत. त्याचा पुतळा तो जिवंत असतानाच, १९३४ मध्ये बसला, आणि अनावरणाला स्वारी हजर होती. लोक टाळ्या वाजवतायत, भाषणं चाललीयत, आणि ज्याच्यासाठी हे सगळं त्याचं लक्ष बहुधा गाडी कधी येते याकडेच. पुढे महायुद्धात ते ब्राँझ वितळवलं. १९४८ मध्ये मूळ शिल्पकाराच्या मुलाने पुन्हा पुतळा केला.

खरं सांगायचं तर या सगळ्या प्रकाराचा मला थोडा रागच येतो. पुतळे सुंदर आहेत, लँडसियरच्या त्या कुत्र्याच्या केसांवरून हात फिरवावा असं वाटतं, प्रश्न तो नाही. पण काय निवडलंय बघा ना. कुत्रं चिखलात लोळतं, चप्पल पळवतं, पोस्टमनवर भुंकतं, पोळीसाठी लाज सोडतं, रात्री झोपेत पाय हलवतं, यातलं काहीच कुणाला पुतळ्यात घालावंसं वाटत नाही. निवडलं जातं ते त्याचं वाट बघणं. आपण मेल्यावर त्याने खाणंपिणं सोडावं आणि स्टेशनवर बसून राहावं. माणसाला स्वतःसाठी कुणीतरी असं रडावं असं वाटत असतं, बायको-मुलांकडून तेवढी खात्री नसते, मग ती सगळी हौस कुत्र्यावर काढलेली. पुतळा कुत्र्याचा आणि कौतुक आपलं.

असं मी घरी बोलून दाखवलं तर नवरा म्हणाला, तुला पुतळ्यातपण राजकारण दिसतं.

रायगडावरच्या वाघ्याबद्दल बोलायचं टाळता येत नाही आणि बोलायची हिंमतही होत नाही. १९३६ चा पुतळा, २०११ मध्ये काढला गेला, काही दिवसांत परत बसला, २०२५ मध्ये पुन्हा तो विषय पेटला. असं कुत्रं होतं याला समकालीन पुरावा नाही असं अभ्यासक सांगतात, आणि त्या वादात मला पडायचं नाही. मला फक्त शाळेची सहल आठवते. दोरवाट नव्हती, पायऱ्या चढून जीव गेला होता, सर समाधीपाशी कळवळून बोलत होते आणि आम्ही पोरं हळूहळू सरकत सरकत त्या उंच चौथऱ्याखाली जाऊन उभी. इतिहास समजायला अजून वेळ होता. कुत्रं कळत होतं.

गोया या स्पॅनिश चित्रकाराचं कुत्रं मात्र वेगळं. माद्रिदबाहेरच्या आपल्या घराच्या भिंतींवर म्हातारपणी त्याने जी काळी चित्रं काढली, १८१९ ते १८२३ च्या सुमाराला, त्यातलं ते एक, आता माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. भलीमोठी पिवळसर रिकामी जागा, खाली तपकिरी उतार, आणि त्या उताराआडून वर आलेलं फक्त एक छोटं डोकं. वर बघतंय. मालक नाही, शवपेटी नाही, काठी-टोपी नाही. गोयाने त्याला नावही दिलं नव्हतं आणि ते कुणाला दाखवायलाही काढलं नव्हतं. ते बुडतंय म्हणणारे आहेत, ते कुणाला तरी शोधतंय म्हणणारे आहेत. मोबाईलवर एवढंसं बघूनसुद्धा पोटात कसंतरी होतं. इथे निदान कौतुक करून घ्यायला कुणी माणूस उभा नाही.

मधे बहिणीच्या क्लासचा बोर्ड करायला चौकातल्याच फ्लेक्सच्या दुकानात जायची वेळ आली. जिन्याखालची जागा, मशीनचा घरघराट, शाईचा डोकं उठवणारा वास, आणि कॉम्प्युटरवर बसलेला विशीतला पोरगा, "ताई, मॅटर टाईप करून व्हॉट्सअॅप करा, हाताने लिहिलेलं नको." बोर्डाचं ठरलं, मग मी विचारलंच, तो राजाचा तुम्हीच केलेला का. "हो की. लय त्रास दिला त्याने." कुणी? "कुत्र्याने ओ." मग सांगायला लागला. स्टँडवरच्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये राजाचे फोटो होते, पण एक धड नाही. कुत्रं हलतं. एकतर चेहरा पुसट, नाहीतर नुसता पार्श्वभाग, नाहीतर झोपलेला. झोपलेले फोटो एकदम क्लिअर होते, पण "झोपलेला श्रद्धांजलीला चालत नाही ना ताई, बरं नाही दिसत." शेवटी एकच मिळाला, एका रिक्षावाल्याने त्याला मानेला धरून बसवलेलं, म्हणून स्थिर. माणूस काढला, मागची रिक्षा काढली. "हातपण काढला होता मी पूर्ण, केस न् केस भरला होता मानेवरचा, दीड तास गेला. प्रूफ पाठवलं तर म्हणाले, हात राहू दे. म्हणलं अहो चूक वाटेल ती, कुणाचा हात ते कुणाला कळणार नाही. तर म्हणतात, आम्हाला कळतंय."

मग त्याने कंट्रोल झेड दाबून हात परत आणला. फ्लेक्सचे पैसे सगळ्यांनी मिळून दिले, दहा-दहा वीस-वीसच्या नोटा होत्या म्हणाला, मोजायलाच वेळ लागला.

दुकानातून बाहेर पडताना माझ्या डोक्यातली मांडणी जरा हलली होती. इथे कुत्रं कुणासाठी रडत नव्हतं, माणसं रडत होती, आणि आपला एक हात त्या चित्रात ठेवा म्हणत होती. मग अशी उलट्या दिशेची कला आणखी कुठे पाहिलीय ते आठवायला लागले, आणि पहिलं आठवलं ते आमचं देवघर. खंडोबाचा टाक. चांदीचा, अंगठ्याएवढा, पिढ्यान्पिढ्या चिंच आणि रांगोळी लावून घासल्यामुळे देवाचे नाकडोळे गेलेले, म्हाळसाबाई ओळखू येते ती अंदाजाने, पण घोड्याच्या पायाशी धावणारं कुत्रं अजून शाबूत. कुठल्या सोनाराने ठोकला काय माहीत. चंपाषष्ठीला त्याला भंडारा लागायचा, वांग्याचं भरीत, रोडगा, सगळा नैवेद्य, म्हणजे देवाबरोबर त्यालाही. आणि त्याच वेळी आमचा टिप्या मागच्या दारात उंबऱ्याबाहेर. घरात कुत्रं आलेलं आजीला अजिबात चालायचं नाही, सोवळ्याचा प्रश्न. तिने टिप्याला कधी हात लावलेला मला आठवत नाही. पण भाकरी त्याची रोजची, शेवटची, थोडी जाड, अॅल्युमिनियमच्या चेमटलेल्या ताटलीत, आणि ती ताटली ती अशी आपटायची की आळीतली सगळी कुत्री उठायची आणि टिप्या सोडून कुणी यायचं नाही. देवघरात दत्ताचा फोटोही होता, चार कुत्र्यांसकटचा. आजी सांगायची ते चार वेद आहेत. असतील, पण चित्रकाराने कुठल्यातरी खऱ्या कुत्र्यांवरूनच काढली असणार ती, त्याशिवाय एकाची मान अशी दत्ताच्या गुडघ्याकडे वर वळत नाही.

आणि नामदेव. कुत्र्याने भाकरी पळवली आणि हे तुपाची वाटी घेऊन मागे धावतायत, देवा, कोरडी खाऊ नका. हे चित्र आपण सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलेलं असतं, पुस्तकात नाहीतर एखाद्या मंदिराच्या भिंतीवर ऑइलपेंटमध्ये. माणूस धावतोय, कुत्रं पुढे. लहानपणी मला त्यात भक्ती वगैरे दिसायची नाही, कुत्र्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ दिसायचा. आपण चोरी केलीय आणि हा माणूस ओरडत का नाहीये.

टिप्याचा आमच्याकडे एकही फोटो नाही. काकाच्या लग्नाच्या ग्रुप फोटोत डावीकडे खाली एक काळी शेपटी आहे, बाकीचं कुत्रं फोटोबाहेर. ती त्याचीच, असं घरात सगळे म्हणतात. दुसऱ्या कुत्र्याचीही असू शकते, पण तसं बोलायची कुणाची टाप नाही.

कुत्र्यासाठी माणसांनी उभारलेल्या दगडांमध्ये माझा सगळ्यात आवडता कर्नाटकातल्या मंड्या जिल्ह्यातल्या आतकूरचा. शके ८७२, म्हणजे इसवी सन ९४९-५०. वेरूळचं कैलास ज्या घराण्याने खोदवलं त्या राष्ट्रकूटांचा तेव्हाचा राजा तिसरा कृष्ण, त्याच्या बाजूने गंग राजा बूतुग चोळांशी तक्कोलमला लढला आणि चोळांचा राजपुत्र तिथे पडला. त्या लढाईत मणलेर नावाच्या वीराने शौर्य गाजवलं, राजा खूश झाला, माग काय हवं ते म्हणाला. मणलेराने काय मागावं? गाव नाही, सोनं नाही. त्याने काळी नावाची शिकारी कुत्री मागितली. पुढे आतकूरजवळच्या डोंगरावर तिची एका मोठ्या रानडुकराशी झुंज झाली, दोघंही मेली. तर तिच्यासाठी देवळासमोर वीरगळ उभारला, जमीन लावून दिली, आणि पुजाऱ्याने त्या दगडाची पूजा केल्याशिवाय जेवायचं नाही असंही त्यावर कोरून ठेवलं. दगड आता बंगळुरूच्या सरकारी संग्रहालयात आहे. वर कोरलेत ते फक्त दोघे, कुत्री आणि डुक्कर, एकमेकांना भिडलेले. इतिहासवाल्यांना त्या दगडाचं मोल तक्कोलमच्या लढाईसाठी, राजांच्या नावांसाठी. ते असू दे. पण ती लढाई दगडावर आली ती काळी कुणाकडून कशी मिळाली हे सांगताना.

आणि विशेष म्हणजे ती वाट बघत नाहीये. तिचं काम करताना दाखवलीय. दात लावलेले.

टोकियोवाल्यांनाही बहुतेक असंच काहीतरी बोचत असावं. २०१५ मध्ये, हाचिकोला जाऊन ऐंशी वर्षं आणि प्राध्यापकांना नव्वद वर्षं झाली तेव्हा, टोकियो विद्यापीठाच्या कृषी विभागाच्या आवारात दुसराच एक पुतळा बसवला. त्यात प्राध्यापक परत आलेत. हाचिको मागच्या पायांवर उभा राहून त्यांच्या अंगावर उडी घेतोय आणि ते त्याला दोन्ही हातांनी धरतायत. इंटरनेटवर याचे फोटो बघून लोक रडतात, मीही थोडी रडले, मग विचार केला की हे जरा गोडच झालं, घडलंच नाही ते घडवून आणलं. पण मग वाटलं, रोज संध्याकाळी घडतच होतं की ते, उएनो जिवंत असताना, वर्षभराहून जास्त. त्यानंतरचं रिकामं स्टेशन तेवढं सगळ्यांनी लक्षात ठेवलं.

दिवाळीत साताऱ्याला गेले तेव्हा आण्णांना म्हटलं, चला संगम माहुलीला जाऊन येऊ. आण्णांचा गुडघा दुखतो पण माहुली म्हटलं की उठतात, त्यांचं लहानपण तिथल्या डोहात पोहण्यात गेलंय. कृष्णा आणि वेण्णा मिळतात तिथला घाट, काळे दगड, शेवाळ, कुणाच्यातरी दहाव्याची माणसं एका बाजूला गप्प उभी, कावळ्यांची वाट बघत, आणि दुसऱ्या बाजूला पोरं पाण्यात उड्या टाकतायत. साताऱ्याच्या शाहू महाराजांची, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नातवाची, समाधी इथलीच, नदीच्या गाळात कितीदा गडप झाली आणि कितीदा उकरून काढली. आणि त्यांच्या लाडक्या कुत्र्याचीही, सातारकर त्याला खंड्या म्हणतात. दगडात कोरलेलं कुत्रं, उन्हापावसाने आणि पुराने गुळगुळीत झालेलं. वाघ्यासाठी अख्खा महाराष्ट्र भांडतो आणि खंड्यापाशी आम्ही उभे होतो तेवढ्या वेळात दुसरं कुणी फिरकलं नाही. त्याच्या पाठीवर हात ठेवला, दगड उन्हाने तापलेला होता.

खंड्याची गोष्ट ग्रँट डफने लिहून ठेवलीय, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तोच साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट. शिकारीत वाघाने झडप घालायची वेळ आली तेव्हा या कुत्र्याने महाराजांचा जीव वाचवला. म्हणून महाराजांनी त्याला सनद करून जहागीर दिली आणि पालखीचा मान दिला, आणि तो पालखीचा सगळा सरंजाम खरोखर ठेवला गेला होता. पुढे एकदा सरदार मंडळी भेटीला यायची होती, दरबार भरलेला, तेव्हा महाराजांनी खंड्याला जरीचं वस्त्र चढवलं, अंगावर जडजवाहीर घातलं आणि स्वतःच्या डोक्यावरची पगडी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. त्यानंतर महाराजांनी पुन्हा कधी डोक्यावर काही घातलं नाही. ग्रँट डफ हे सगळं वेडाच्या भरात झालं म्हणून सांगतो. असेल तसंही, उतारवय होतं, मनाला स्वास्थ्य नव्हतं. पण सगळं लहानपण आणि ऐन जवानीची सुरुवात मोगलांच्या कैदेत गेलेला माणूस, सुटून आला तेव्हा खरा शाहू की तोतया म्हणून शंका घेतली गेलेला माणूस, त्याला पगडीचं काय वाटत असेल हे रेसिडेंटसाहेबाला कळलं असेलच असं मला वाटत नाही. पगडी दिली ती दिली. दुसरी करून घेतली नाही.

हे सगळं मी घाटाच्या पायरीवर बसून आण्णांना रंगवून सांगत होते, काळी, मणलेर, हाचिको, फ्लेक्सवरचा हात, सगळं एकदम, कारण त्यांच्याशिवाय असलं ऐकून घेणारं घरात कुणी नाही. ते गुडघा चोळत ऐकत होते. मधेच म्हणाले, "पगडीचं ठीक आहे गं, राजाची पगडी, राजाला वाटलं त्याला दिली. मला त्या पालखीच्या भोयांचं काही कळत नाही. कुत्र्याला पालखीत घालून खांद्यावर न्यायचं म्हणजे घरी जाऊन बायकोला काय सांगत असतील?"

मी म्हटलं, लाज वाटत असेल बिचाऱ्यांना.

"छे," आण्णा म्हणाले, "कुत्रं कितीसं वजनाला? सरदारापेक्षा शंभरपट बरं. आणि बसल्या बसल्या शिव्या देत नाही." मग पायरीला हात टेकून हळूच उठले आणि म्हणाले, चल, वडेवाला बंद करेल.